सावद्याचे पापड

सुगंधाबाई तायड्यांचे पापड भुसावळात दहाएक वर्षं विकले गेले, आणि ते सुगंधाबाईंचे आहेत हे एकाही गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच विकले गेले, हेही सांगून टाकतो. पुढं सगळी लपवालपवीचीच गोष्ट यायची आहे, तेव्हा सांगणाऱ्यानं तरी काही पोटात ठेवू नये.

राहायला त्या दीपनगरजवळच्या पंचशीलनगरात. वीजकेंद्राची कॉलनी कुंपणाच्या आत आणि पंचशीलनगर कुंपणाच्या बाहेर. वीज आतल्यांना आधी मिळाली, राख मात्र दोन्हीकडं सारखी वाटली गेली. सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी करडं होऊन घरात यायचं. नवरा तोताराम आणि जाऊ द्रौपदाबाई दोघंही ठेकेदाराकडं राखेच्याच कामाला. अशा जागी खायच्या वस्तूचा धंदा काढणं म्हणजे वेडेपणाच म्हणायचा. पण उडदाचा पापड सावलीत वाळवावा लागतो, आणि वस्तीत समाजमंदिराची एक लांब खोली होती. दारं-खिडक्या लावून घेतल्या की राख बाहेर आणि पापड आत, असं सुगंधाबाईंनी जमवून टाकलं होतं.

पापड त्या शिकल्या सावद्याला, माहेरी. लहानपणी आईबरोबर रुक्माबाईंच्या घरी पीठ कुटायला जात. रुक्माबाई म्हणजे केळीच्या बागाईतदाराच्या घरच्या, माणसांनी भरलेल्या घरातल्या. कुटायचं ते मागल्या अंगणात, आणि लाटायचं आत, घरच्या बायांनी. मायलेकींचं काम उंबऱ्याशी संपायचं. पण रुक्माबाई त्याच उंबऱ्यात बसून या पोरीला सगळं सांगत. पापडखाराचं पाणी किती कढवायचं, उडीद जुना असला तर काय करायचं, तेलाचा हात लावून पीठ किती कुटलं म्हणजे ताणल्यावर तुटत नाही. हातचं राखून त्यांनी काही सांगितलं नाही.

"आत घेतलं नही हे खरं," सुगंधाबाई म्हणायच्या, "पन शिकवलं पुरं." दोन्ही गोष्टी एकाच दमात. रुक्माबाईंचं ऋण त्या मानत आणि उंबराही विसरत नसत. मला वाटतं, उपकाराचा हिशेब असाच चोख ठेवावा, नाहीतर माणूस एक तर लाचार होतो नाहीतर कडवट.

लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी द्रौपदाबाईला आणि शेजारच्या म्हाताऱ्या तानुबाईला हाताशी धरलं आणि पापड करून भुसावळच्या बाजारात नेले. बाया थांबल्या, वास घेतला, पापड उजेडासमोर धरून पाहिला. पसंत पडल्याचं तोंडावर दिसत होतं.

"कुठले गं?"

"दीपनगरचे."

"कॉलनीतले का?"

"नाही, बाजूच्या वस्तीतले. पंचशीलनगर."

झालं. पुडा अलगद खाली. कोणी वाकडं बोललं नाही हो, उगाच कोणाला नावं ठेवायची नाहीत. "राहू दे, घरी आहेत," एवढंच. एकीच्या घरी पापड निघाले, दुसरीच्या निघाले, तिसरीच्याही निघाले. संध्याकाळी न विकलेली पाटी डोक्यावर घेताना तानुबाई म्हणाली, "आज भुसावळात बठ्ठ्याईच्या घरी पापड सापडून राह्यले व माय." आणि तिघी रस्त्यात उभ्या राहून हसल्या. हसल्या नसत्या तर रडल्या असत्या.

पुढच्या बाजाराला एका बाईनं तेच विचारलं आणि सुगंधाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "सावद्याचे." सावदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं केळीच्या बागा आणि तूप-रोटी खाणारी घरं येतात. त्या दिवशी पाटी दुपारीच रिकामी झाली. अगदीच खोटं म्हणावं तर तसंही नाही, विद्या सावद्याचीच होती. सुगंधाबाईंनी मनाची अशी समजूत घातली आणि ती चांगली घट्ट बसली.

मग स्टेशनकडच्या रस्त्यावरचे किराणा दुकानदार रुपचंद शेठ त्यांचा माल घेऊ लागले. शेठना खरं काय ते माहीत होतं, कारण माल न्यायला त्यांचीच हातगाडी पंचशीलनगरात येई. दुकानात नेऊन ते पापड पिशव्यांत भरत आणि वर चिठ्ठी लावत: "सावद्याचे उडीद पापड". या चिठ्ठीबद्दल शेठ आणि सुगंधाबाई एकमेकांशी कधी बोलले नाहीत. न बोलता चालतं आहे तर चालू द्यावं, असा दोघांचाही विचार असावा. शेठ माणूस सरळ. वजनात मारणारा नाही आणि बाईमाणसाला उन्हात ताटकळत ठेवणारा नाही. चिठ्ठी तेवढी वाकडी होती.

असं चाललेलं असताना अठ्ठ्याऐंशी साली शेठच्या मुंबईच्या साडूनं हे पापड खाल्ले. साडूंचा मसाले विलायतेला पाठवायचा व्यापार. तिकडं आपली गुजराती-पंजाबी माणसं पुष्कळ, त्यांना पापड लागतात. साडूंनी एकदम मोठी मागणी दिली, आणि जमलं तर ती वर्षभर चालू राहील असंही कळवलं.

वर्षभर हा शब्द पंचशीलनगरात फार मोठा होता. पापड म्हणजे उन्हाळ्याचं काम. बाकीचे महिने द्रौपदाबाईला राखेवर जावंच लागे, आणि द्रौपदाबाईला खोकला धरला होता. रात्री-अपरात्री तो भिंतीपलीकडून ऐकू येई. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की औषध देतो, पण राखेचं काम सोडल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. सोडून खायचं काय, ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. आता ही मागणी टिकली तर द्रौपदाबाई पुन्हा राखेकडं फिरकणार नव्हती. सुगंधाबाईंनी जावेला तसा शब्दच देऊन टाकला.

मागणीबरोबर एक अट होती. बाहेरून येणाऱ्या मालावर विलायतेत जकात लागते. आपल्यासारख्या देशांच्या मालाला त्यांनी त्यात सूट ठेवली होती, पण माल खरोखर याच देशात तयार झाला असा सरकारी दाखला दाखवला तरच. नाहीतर कोणीही भलतीकडचा माल इथून फिरवून नेईल आणि सूट खाईल. म्हणून त्यांना कळायला हवं होतं की माल कशाचा केला, कुठं केला आणि कोणी केला. दाखला नाही तर सूट नाही, आणि सूट नाही तर त्या भावात तिकडं हे पापड कोणी घेणार नाही, असं साडूंनी स्वच्छ सांगितलं होतं.

शेठनी सुगंधाबाईंना दुकानात बोलावलं आणि लिहायला बसले. उडीद, पापडखार, मिरं असं होत होत ते थांबले. "तयार कुठं होतात असं विचारलंय. काय लिहू?"

आता बघा, विचारणाऱ्याला उत्तर माहीत होतं आणि सांगणारीला तर होतंच. पण दहा वर्षांची जिभेला लागलेली सवय. कोणी परक्यानं विचारलं की सावदा.

"सावदा लिहा, शेठ."

शेठनी एकदा वर पाहिलं. मग लिहिलं. यावेळी विचारणारा वेगळा आहे, त्याला वेगळ्याच कारणासाठी उत्तर पाहिजे आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पंचशीलनगरात काम जोरात सुरू झालं. आणखी चार बाया येऊन मिळाल्या. समाजमंदिरात कुटण्याचा आवाज दिवसभर घुमू लागला आणि दोऱ्यांवर जुनी लुगडी ताणून त्यांखाली पापड वाळू लागले. द्रौपदाबाईनं ठेकेदाराला जरा दमातच सांगून टाकलं की मी आता येणार नाही. सुगंधाबाईंना ही घाई वाटली, पण जावेचा इतक्या वर्षांनी दिसलेला तो ताठा त्यांना मोडवेना.

आणि मुंबईहून तपासणीचे साहेब आले. नाव पितांबर बोरसे, मूळचे धुळ्याकडचे. नवीन माल, नवीन जागा, तर डोळ्यांनी पाहूनच दाखला द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता. कागदावर सावदा लिहिलेलं, तेव्हा जीप सरळ सावद्याला गेली. सावद्यात साहेबांनी दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. केळीच्या गाड्या दिसल्या, पापडाचा कारखाना काही दिसेना. शेवटी कागदावरचं सुगंधाबाईंचं नाव ऐकून कोणीतरी त्यांना रुक्माबाईंकडं नेलं. रुक्माबाई आता थकल्या होत्या, पण कान शाबूत होते.

"सुगंधा?" त्या म्हणाल्या. "ती तं दीपनगरले देली. आता अठी कुठी राह्यते ती? पन पापड तिच्यासारखे आमच्या घरात बी कोनी करत नही, हे लिहून घ्या."

साहेबांनी काय लिहून घेतलं ठाऊक नाही. दुपारी ते रुपचंद शेठच्या दुकानात येऊन बसले आणि हातगाडीवाल्याला पाठवून सुगंधाबाईंना बोलावून घेतलं. सुगंधाबाई आल्या तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि शेठचा चेहरा उतरला होता.

"सावद्यात पापड होत नाहीत," बोरसे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण गोडही नव्हता. "मग हे येतात कुठून?"

"चूक माझी आहे साहेब," शेठ पटकन म्हणाले. "सावदा मी लिहिलं. बाईंचा काही संबंध नाही."

"मी सांगितलं म्हनून शेठनी लिहिलं," सुगंधाबाई म्हणाल्या.

"सही माझी आहे."

"सांगितलं मी."

चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे लोक बोरसे साहेबांनी रोज पाहिलेले. चुकीसाठी भांडणारे ते पहिल्यांदाच पाहत असावेत. त्यांनी हात वर करून दोघांना थांबवलं.

"हे बघा. सावदा काय किंवा दुसरं गाव काय, देश तोच आहे. पण तुम्ही म्हणता तिथं जर माल होत नसेल, तर तो या देशात तरी होतो हे मी कशावरून धरू? उद्या कोणी म्हणेल, बाहेरून आणून नुसते पिशवीत भरले. जागा पाहिल्याशिवाय मला दाखला देता येणार नाही. आता सांगा, कुठं होतात?"

दुकानातली चारही गिऱ्हाइकं वाणसामान विसरून ऐकत होती. त्यांतल्या दोघींच्या पिशवीत सावद्याचे पापड होते. सुगंधाबाईंच्या मनात आलं की खरं सांगितलं तर दुकानातली विक्री आजच बसते, आणि नाही सांगितलं तर विलायतेची मागणी जाते. आणि मग द्रौपदा सोमवारी पुन्हा राखेवर. हे शेवटचं मनात आल्यावर त्यांना फार विचार करावा लागला नाही.

"पंचशीलनगरात," त्या म्हणाल्या. "दीपनगरच्या बाजूला. आमच्या बौद्धवस्तीत. आम्हीच करतो."

"बरं," साहेब उठले. "चला मग, दाखवा."

बस, एवढंच. सुगंधाबाई त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. ते नाव ऐकून माणसाच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते त्यांना पाठ होतं, आणि त्यातलं काहीही झालं नाही. साहेबांनी चष्मा पुसला आणि जीपकडं गेले. त्या दोघींनी मात्र पिशवीतले पुडे काढून अलगद फळीवर ठेवले.

इकडं वस्तीत जीप दिसताच द्रौपदाबाईनं एक पराक्रम केला. दाखल्यासाठी सगळं इथलंच पाहिजे, असं तिच्या अर्धवट कानावर होतं. हिंग काबूलचा असतो हे तिला माहीत होतं, आणि रेशनचं पामतेल मलायातून येतं असं रेशनवाला सांगायचा. तिनं हिंगाचा डबा आणि तेलाचं पिंप उचलून कोपऱ्यातल्या गोधड्यांखाली दडवलं आणि स्वतः त्या गोधड्यांवर जाऊन बसली. ताकाला जाऊन भांडं लपवणं ऐकलं होतं. हिनं हिंग लपवला.

साहेबांनी दारात बूट काढले, समोरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले आणि आत आले. दोनच पावलं टाकली असतील.

"हिंग चांगला आहे," ते म्हणाले. "कुठं आहे?"

द्रौपदाबाईला नेमका तेव्हाच खोकला आला. साहेब गोधड्यांकडं पाहून हसले आणि धुळ्याकडच्या बोलीत शिरले. "काबर डरी ऱ्हायन्यात वैनी? हिंग कधी दपस का? काढा तो बाहेर."

पूर्वेकडच्या या बायांना ती बोली जरा वेगळी, पण घाबरता कशाला, हिंग कुठं लपतो का, हे समजलं सगळं. डबा बाहेर आला, पिंपही आलं. मग साहेब पोत्यावर मांडी घालून बसले आणि त्यांनी नियम समजावून सांगितला. केळीसारखी वस्तू इथं उगवली नि इथंच कापली, तर ती सबंध इथलीच, तिथं प्रश्न नाही. पण पुष्कळ वस्तूंत थोडंफार बाहेरचं पडतंच. ते चालतं. ते बाहेरचं इथं येऊन जसंच्या तसं राहिलं की इथल्या कामानं त्याची दुसरीच वस्तू झाली, एवढं पाहायचं. पीठ, हिंग, तेल एकत्र आलं आणि कुटून-लाटून पापड झाला, तर तो पापड जिथं झाला तिथला.

"म्हणून मला होताना बघायचंय," ते म्हणाले. "पिठापासून."

तानुबाई उठली. तिनं पीठ भिजवलं, दगडावर घेतलं आणि मुसळ उचललं. सत्तरीची बाई, पण हात पडायला लागल्यावर खोलीत दुसरं काही ऐकू येईना. साहेब मधूनमधून विचारत आणि लिहीत: उडीद कुठला, तर रावेरच्या शेतकऱ्यांचा. दळला कुठं, तर वस्तीतल्याच गिरणीत. वाळल्यावर कुठं जातात?

"माझ्या दुकानात," शेठ म्हणाले.

"तिथं काय करता?"

"पिशवीत भरतो. चिठ्ठी लावतो."

"ते यात धरत नाहीत," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "निवडणं, भरणं, चिठ्ठी चिकटवणं, एवढ्यानं माल त्या जागेचा होत नाही. नियमातच तसं आहे. नाहीतर काय, दुसऱ्यानं केलेलं कोणीही आपल्या नावावर खपवील."

साहेब आपला नियम सांगत होते, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण शेठ आपल्या पायांकडं पाहू लागले. तानुबाईचं मुसळ हवेतच थांबलं.

"कायद्यात असं लिहेल हाये?" तिनं विचारलं.

"हो अक्का. छापलेलं आहे. सगळ्या देशांनी मिळून मानलेलं."

तानुबाईनं थोडा विचार केला. "मंग चांगला कायदा हाये," ती म्हणाली आणि पुन्हा कुटू लागली.

सुगंधाबाईंना हसू आलं. जन्मभर लोकांनी त्यांना कुठली म्हणून विचारलं होतं ते त्यांना दूर ठेवायला. आज पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं ते त्यांच्या कष्टाचं त्यांच्या पदरात घालायला. साता समुद्रापलीकडं कोणा अनोळखी माणसांनी बसून असा नियम केला, त्यांना हे पंचशीलनगर कधी दिसणारही नाही. तरी त्या माणसांबद्दल सुगंधाबाईंना त्या क्षणी इतकं वाटलं, की सांगायची सोय नाही.

पीठ कुटून झालं. तानुबाईनं त्याची वळकटी केली, दोऱ्यानं लाटी कापली, तेलात बुडवली आणि सवयीनं समोरच्या माणसापुढं हात केला. पापडाच्या दिवशी पहिली लाटी पाहुण्याला, ही रीत. हात पुढं गेल्यावर तिला भान आलं आणि तो मागं येऊ लागला. तेवढ्यात साहेबांनी लाटी उचलून तोंडात टाकली.

"तपासायचं म्हणजे खाऊनच तपासायला पाहिजे," ते चघळत म्हणाले. मग म्हणाले, "मनी माय बी अशीच कुटे." आणि दुसरी मागितली.

निघताना मात्र त्यांनी शेठना चांगलं सुनावलं. चुकीच्या जागेचा दाखला दिला असता आणि तिकडं उघडकीला आलं असतं, तर आपल्या मागून येणाऱ्या दहा जणांचेही कागद त्यांनी मानले नसते. शेठनी ऐकून घेतलं. कागद नव्यानं लिहिला गेला. तयार कुठं होतात, या प्रश्नापुढं शेठनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: पंचशीलनगर, दीपनगरजवळ, तालुका भुसावळ.

दाखला आला, माल बोटीवर चढला, दोन-अडीच महिन्यांनी तिकडून पुन्हा मागणी आली. दाखल्याची एक प्रत घेऊन शेठ स्वतः समाजमंदिरात आले आणि इंग्रजीतली ती ओळ त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवली. बायांची नावं त्यात नव्हती, ती घालायची पद्धतच नाही. पण वस्तीचं नाव होतं. द्रौपदाबाई राखेवर पुन्हा गेली नाही. खोकला सबंध गेला असं नाही, पण भिंतीपलीकडून ऐकू यायचा थांबला.

गोष्ट इथं संपवली असती तर छान झालं असतं. पण रुपचंद शेठना झोप लागेना. आठ-पंधरा दिवसांनी ते सुगंधाबाईंना म्हणाले, "दुकानातल्या चिठ्ठ्या संपल्यात. नव्या छापायच्या आहेत. बाहेरच्या देशाला खरं सांगायचं आणि आपल्या गावाला खोटं, हे मला आता जमत नाही. पण पापड तुमचे आहेत. नुकसान झालं तर तुमचंही होईल. तुम्ही सांगा, काय छापू?"

दहा वर्षांत चिठ्ठीबद्दल त्यांनी पहिल्यांदा विचारलं. सुगंधाबाईंनी बायांना विचारलं. द्रौपदाबाई म्हणाली, "सावदाच राहू द्या. पुडे वापस येतीन." तिचं काही चुकत नव्हतं, जिनं भोगलं तिलाच भीती. तानुबाई म्हणाली, "म्या आता किती जगते? येक डाव माह्यं गाव त्या पिशवीवर पाहू द्या." सुगंधाबाईंनी दोघींचं ऐकलं आणि शेठना जाऊन सांगितलं की पंचशीलनगर छापा.

पुडे वापस आले. द्रौपदाबाईनं सांगितलं तसेच आले. त्या उन्हाळ्यात भुसावळातल्या पुष्कळ घरांत पुन्हा आपोआप पापड निघाले. कॉलनीतल्या बायांनी घेतले, थोड्या इकडच्या-तिकडच्यांनी घेतले, बाकीचे शेठच्या फळीवर बसून राहिले. विलायतेच्या मागणीवर सगळ्या जणी तगल्या. शेठ चकार शब्द बोलले नाहीत आणि चिठ्ठीही बदलली नाही. सुगंधाबाई म्हणत, त्या उन्हाळ्याचे शेठचे उपकार साहेबांच्या उपकाराहून मोठे, कारण साहेबांना मुंबईला जायचं होतं आणि शेठना त्याच रस्त्यावर दुकान चालवायचं होतं.

थंडीत एका सकाळी सुगंधाबाई माल घेऊन दुकानात आल्या होत्या. तेवढ्यात सुंदरबाई आल्या. यजमान रेल्वेत गार्ड होते, शेठचं जुनं गिऱ्हाईक, बाई बोलायला फटकळ.

"रुपचंदभाऊ, हे काय नवीन पापड ठेवलेत? शेजारी खाल्ले मी. त्या सावद्याच्या पापडाची सर नाही. आम्हाला ते जुनेच द्या, असतील आत कुठं तर."

शेठ म्हणू शकले असते की आता येत नाहीत. त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला.

"सुंदरबाई, ते हेच. पहिल्यापासून हेच होते. चिठ्ठी माझी खोटी होती. करणाऱ्या या समोर उभ्या आहेत."

सुंदरबाईंनी वळून पाहिलं. सुगंधाबाईंच्या मनगटापर्यंत तेल-पिठाचा थर होता. तो पदरात लपवावा असं त्यांना वाटलं, पण लपवला नाही.

"पहिल्यापासून तुम्हीच?"

"हो बाई."

"माझ्या सुमनच्या लग्नात घेतले होते, तेही?"

"ते पन आमचेच. त्या साली मिरं जरा जास्तच पडलं होतं."

सुंदरबाईंच्या चेहऱ्यावर बरंच काही येऊन गेलं. सगळी पंगत आठवली असेल, व्याही आठवले असतील, आणि कोणी कोणी काय काय खाल्लं तेही. शेठ श्वास रोखून उभे होते. सुंदरबाईंनी फळीवरचा पुडा उचलला, चिठ्ठी वाचली, सावकाश, पंचशीलनगर हे नाव तर दोनदा वाचलं असावं. मग पुडा पिशवीत टाकला.

"जास्त पडलं होतं खरं," त्या म्हणाल्या. "माझ्या व्याह्यांना ठसका लागला होता." आणि दुकानाची पायरी उतरता उतरता सुगंधाबाईंकडं वळून म्हणाल्या, "धाकट्याचं वैशाखात आहे. पापड तुमच्याकडंच सांगते आहे. यावेळी मिरं बेतानं घाला."

सुगंधाबाई "बरं" म्हणाल्या. मग आणलेला माल शेठच्या तराजूत घातला.